उशीखालचा कंट्रोलर

संध्याकाळपासून डोकं फिरलंय. म्हटलं इथेच लिहून टाकावं, नाहीतर फोन करून काहीतरी बोलून बसेन आणि मग ते सगळ्या नातेवाइकांना वर्षभर पुरेल.

झालं असं की लेक आणि बाबा (माझे बाबा, वय ७३) हॉलमध्ये मारियो कार्ट (टीव्हीवरचा गाड्यांच्या शर्यतीचा व्हिडिओ गेम) खेळत होते. शेवटचा लॅप, दोघंही उठून उभे राहिलेले, आणि तेवढ्यात एक काका आले, न सांगता, ते कायम तसेच येतात. दारातूनच म्हणाले, "अरे वा, दुसरं बालपण सुरू झालं वाटतं!" आणि हसले. हसण्याचं काही नाही, काका सगळ्यालाच हसतात. पण बाबांनी काय करावं? ते खाली बसले आणि हातातला कंट्रोलर, म्हणजे गाडी चालवायचं ते बटणांचं यंत्र, हळूच सोफ्यावरच्या उशीखाली सरकवला. स्क्रीनवर त्यांची गाडी कठड्याला नाक लावून उभी, लेक आपली "आजोबा चालवा ना, आजोबा" करतेय, आणि हे काकांना सांगतायत, "छे छे, पोरीसाठी बसलो होतो जरा."

पोरीसाठी! साफ खोटं. दुपारची झोप झाली की हाच माणूस "रिमोट कुठंय" विचारत घरभर फिरतो. (रिमोट म्हणजे कंट्रोलर. शंभरदा सांगितलं, सुधारणार नाहीत.)

मला सांगा, बाबा पत्ते कुटत बसले असते तर काका हसले असते? मांडी घालून शेजारी बसले असते, "मलाही वाट" म्हणून. दिवसभर टीव्हीसमोर बसून त्याच त्या चर्चा बघितल्या असत्या तरी कुणी हूं की चूं केलं नसतं. मग त्याच टीव्हीवर नातीबरोबर बसून गाडी पळवली तर एकदम वय आडवं आलं? आणि हे बोलणारे काका स्वतः आमच्याकडे दोन तास होते, त्यातला दीड तास मोबाइलवर रील बघत होते. आवाज मोठा ठेवून.

बाबा आमच्याबरोबर कधीच खेळले नाहीत हो. मी आणि दादा सापशिडी मांडून बसलो की जाता जाता "अभ्यास झाला का" एवढंच विचारायचे, तेही पटाकडे न बघता. राग नाही माझ्या मनात, तेव्हा सगळ्यांचेच वडील तसे होते. बरं, थोडा आहे. म्हणून तर गेल्या वर्षी त्यांनी पहिल्यांदा तो कंट्रोलर हातात घेतला, उलटा, आणि वळणावर सोफ्यावरून अख्खेच्या अख्खे उजवीकडे कलले, तेव्हा मला काय वाटलं ते मला नीट लिहिता येणार नाही. मी कपड्यांच्या घड्या घालत होते, त्या घालतच राहिले.

पुढची गंमत ऐका. मारियो कार्ट ८ डीलक्समध्ये स्मार्ट स्टिअरिंग नावाची सोय आहे, ती चालू असली की गाडी रस्ता सोडून खाली पडत नाही, आपोआप आत वळते. लेकीने ती आजोबांसाठी गुपचूप चालू करून ठेवली होती. आठ वर्षांच्या पोरीने, कुणी न सांगता! आजोबा खूश, आपल्याला जमतंय म्हणून. पण ती सोय चालू असली की गाडीच्या मागे एक छोटी अँटेना दिसते, आणि नोकरीभर दुसऱ्यांच्या हिशोबातल्या चुका काढलेला माणूस तो. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "माझ्याच गाडीला ही काडी का?" कळल्यावर असे रुसले की काय सांगू. काढायलाच लावली. त्यानंतर आठवडाभर प्रत्येक वळणावर धपाधप दरीत. पण अँटेना परत लावली नाही.

आणि तरी ते जिंकतात मधूनमधून, कारण तो गेम बनवणाऱ्यांनी डोकं लावलंय. जो मागे पडलाय त्याला जास्त दमदार वस्तू मिळतात, पुढच्याला एखादं केळ्याचं साल. वर ते निळं कासवाचं कवच, जे शोधत शोधत जाऊन पहिल्या नंबरवाल्यालाच बसतं. लेक "चीटिंग! चीटिंग!" म्हणून किंचाळते, पण म्हणूनच ८ आणि ७३ एका शर्यतीत बसू शकतात, आणि कुणाला मुद्दाम हरायचं नाटक करावं लागत नाही. मुद्दाम हरलेलं पोरांना लगेच कळतं बरं का. म्हाताऱ्यांनाही कळतं.

हे सगळ्या खेळांत नसतं. मोनोपॉलीचंच घ्या, तो जागा विकत घ्यायचा आणि भाडं वसूल करायचा पटावरचा खेळ. लिझी मॅगी नावाच्या बाईने १९०४ साली पेटंट घेतलेल्या खेळातून ती आली, आणि त्या बाईला दाखवायचं होतं की जागामालक बाकीच्यांना कसे नागवतात! आणि आपण ती घरात प्रेम वाढावं म्हणून खेळतो. एक जण अर्ध्या तासात दिवाळखोर होतो आणि उरलेला वेळ तोंड पाडून बाकीच्यांकडे बघत बसतो. आमच्याकडे ते मी असते. बाबांनी मात्र चष्मा लावून नियमांचं पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, आमच्या घरात असं करणारे ते पहिलेच, आणि जाहीर केलं की जागा कुणी घेतली नाही तर तिचा लिलाव करायचा असतो आणि पटावरच्या फ्री पार्किंगच्या घरात आलं तर दमडीही मिळत नाही. म्हणजे इतकी वर्षं आम्ही चुकीचंच खेळत होतो, उगाच लांबवत.

पँडेमिक म्हणून एक पटावरचा खेळ आहे, २००८ चा, त्यात सगळे मिळून चार साथींशी लढतात, जिंकलो तर सगळे, हरलो तर सगळे. ऐकायला छान. प्रत्यक्षात मी सगळ्यांच्या चाली ठरवते आणि नवरा "मग तूच खेळ एकटी" म्हणून उठून जातो. असो.

हो, माहितीये, स्क्रीन जास्त होतेय, डोळे, पाठ, झोप, सगळं मान्य. रविवारी मीच वायर काढून ठेवते. झालं समाधान? पण चौघं चार खोल्यांत चार मोबाइल घेऊन बसतात ती पण स्क्रीन आणि चौघं एका टीव्हीसमोर एकमेकांच्या अंगावर पडत ओरडतात ती पण स्क्रीन, या दोन्हींना एकाच मापाने मोजणाऱ्याशी मला वादच घालायचा नाही.

खरं सांगायचं तर काकांवर मी उगाच एवढी चिडलेय. ते वाईट नाहीत. त्यांच्याबरोबर घरात कुणी खेळत नसेल कदाचित, आता लिहिता लिहिता वाटलं. पण ती उशी डोळ्यांपुढून जात नाहीये. मी आणि दादा गोष्टीचं पुस्तक अभ्यासाच्या वहीखाली लपवायचो ना, बाबांची पावलं वाजली की? अगदी तसाच हात होता तो. तसाच, तितकाच चटकन.

जेवताना बाबा काही बोलले नाहीत. लेकीने विचारलं तर "उद्या बघू" म्हणाले. मगाशी मी उशी उचलून बघितली तर खाली कंट्रोलर नव्हता. तो चार्जिंगला लावलेला होता. लेक केव्हाच झोपलीये, आणि नवरा अजून आलेला नाही.

काका, वाचत असाल तर पुढच्या वेळी आलात की माझा कंट्रोलर तुम्ही घ्या. अँटेना लावून देते, बाबांना सांगणार नाही.