दोन सुताचा उंदीर

काटोलकडे आमच्या वावरात एक टिनाच्या छपराची खोली आहे. पेरणीपासून सोयाबीन निघेपर्यंत तिथं आमचा मुक्काम, दिवाळीनंतर कुलूप. कुलूप फक्त माणसांना. वावर मोकळं झालं आणि थंडी पडली की उंदरांचा गृहप्रवेश होतो. परवा दार उघडलं, तर गादीतला कापूस खोलीभर आणि मोटारीच्या स्टार्टरची वायर कुरतडलेली. तशीही लाइन रात्रीच येते, त्यामुळे दिवसा काही बिघडत नाही म्हणा.

गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात जाऊन उंदरांसाठी जाळी मागितली. दुकानदारानं वर न बघता विचारलं, “किती सुताचा हाय?”

“काय?”

“उंदीर.”

सिमेंटच्या पोत्यावर एक काकाजी बसले होते. त्यांना घ्यायचं काही नव्हतं, पण बोलायचं बरंच होतं.

“डोक्याचं माप सांगा त्याइले,” ते मला म्हणाले. “पोट काय, मागून येतेच. डोकं घुसलं का उंदीर घुसला.”

“मोजलं नाही हो.”

“खोली तुमची, अन् आत कोन रायते तेच तुमाले मालूम नाई?”

गिऱ्हाइकं हसली. खिळे मोजणारा पोरगासुद्धा हसला, त्याचं मला जास्त लागलं.

“गाभण हाय का?” काकाजी थांबेनात.

यावर मी काय बोलणार? राग याचा की म्हातारा बरोबर होता. जेमतेम 6 मिलिमीटरच्या फटीतूनही उंदराचं पिल्लू आत येतं, म्हणजे दोन सूत. फटीत तारेची घासणी कोंबून वरून सिमेंट लिंपायचं, हेही त्यांनीच सांगितलं. औषधाचं विचारलं तर म्हणाले, झिंक फॉस्फाइड घालण्याआधी दोन-तीन दिवस नुसती तेलातली कणीक चारा, नाहीतर तो हुशार होतो. म्हणजे आधी जावयासारखा पाहुणचार करायचा आणि मग मारायचं.

खरं तर उंदरानं सोयाबीनचं पोतं फोडलं याचा मला तितका राग नाही. 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 5328 रुपये. व्यापाऱ्यानं पोत्यात हात घातला, ओल 12 टक्क्यांच्या वर आहे म्हणाला आणि भाव पाडला. त्याच्या हातात कोणतं यंत्र बसवलंय देव जाणे. उंदरानं त्याच पोत्यातलं खाल्लं आणि ओलीबद्दल चकार शब्द काढला नाही.

असो. जाळी चार फूट मागितली होती, त्यानं पाच कापली. कापलेला माल परत नाही, अशी पाटी माझ्या डोक्यावरच होती.

“उरली तं खिडकीले लावा,” दुकानदार म्हणाला.

“खोलीला खिडकी नाही.”

“मंग पयले खिडकी काढा,” काकाजी पोत्यावरून म्हणाले.