मुहूर्त साडेबाराचा, पाणी सहाचं

आमच्या भावोजींनी इंग्लंडातल्या कालव्यात आठवडाभर भाड्याची होडी चालवली, तेव्हापासून त्यांना रस्ता हा प्रकार सहन होत नाही. मुंबई-गोवा महामार्ग ज्यांनी पाहिलाय त्यांना यात नवल वाटायचं नाही. पण आपण शिव्या घालतो आणि गाडी काढतो. भावोजींनी पुतणीच्या साखरपुड्याला दाभोळहून चिपळूणला खाडीतून जायचं ठरवलं. खाजगी होडीनं. "वाशिष्ठी म्हणजे आयता कालवा आहे," ते म्हणाले, "आणि वाटेत एकही लॉक नाही!"

हे लॉक प्रकरण एव्हाना आमच्या सगळ्या गोतावळ्याला पाठ झालंय. तिकडचा कालवा टेकडी चढतो तो पायऱ्यापायऱ्यांनी. प्रत्येक पायरीवर पाण्याची एक कोठडी, दोन्ही टोकांना दरवाजे. होडी आत घ्यायची, मागचा दरवाजा लावायचा, वरच्या अंगाचं पाणी झडपेतून आत सोडायचं. पाणी चढेल तशी होडी चढते. आतलं आणि पुढचं पाणी एका पातळीला येईपर्यंत पुढचा दरवाजा दहाजणांनी रेटला तरी हलत नाही. पातळी जुळली की एकट्यानं पाठ लावून ढकलला तरी उघडतो. डेव्हायझेस गावाजवळ केन हिल म्हणून टेकडी आहे, तिथं दोन मैलांत असे २९ लॉक. होडी २३७ फूट वर चढते आणि त्याला पाच-सहा तास लागतात. चालत गेलं तर तासाच्या आत माणूस वर पोचून चहा पिऊ शकतो, पण ही शंका काढली की भावोजी आपल्याकडे दयेनं बघतात. दरवाजे बहुतेक ज्याचे त्यानंच उघडायचे असतात.

"मग तुम्ही उघडलेत?" मी विचारलं.

"टीमवर्क," भावोजी म्हणाले.

ताई शेजारी बसून वालाच्या शेंगा मोडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "हे सुकाणूवर. २९ लॉक मी ढकलले."

दाभोळच्या तांडेलानं, म्हणजे होडीवाल्यानं, पैशांच्या आधी तिथी विचारली. मार्गशीर्ष वद्य अष्टमी, मुहूर्त दुपारी साडेबारा. त्यानं बोटांवर हिशेब केला. या किनाऱ्यावर तो पोराटोरांना येतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. आठाचे सहा. म्हणजे पाणी सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला पूर्ण भरणार, आणि दुपारी बाराच्या सुमाराला, म्हणजे अंगठी बोटात जाण्याच्या वेळी, सुकती, पूर्ण ओहोटी. त्यातून अष्टमी म्हणजे भांग. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाचा जोर त्या पाण्याला नाही, ते नळाला शेवटच्या पाच मिनिटांत येतं तसं येतं. गुरुजींनी पंचांग उघडून राहुकाळ टाळला, नक्षत्र पाहिलं. तेच पंचांग तांडेलाला दाखवलं असतं तर अख्ख्या साखरपुड्याची तारीख बदलली असती.

"पहाटे तीनला निघा," तांडेल म्हणाला, "भरतीबरोबर वर जाऊ. न्हायतर येस्टीनं जावा."

"तीनला? बायकांची तयारी कशी व्हायची?" असं म्हणून भावोजींनी साडेआठची वेळ ठरवली. बायका सहाला तयार होत्या. साडेआठचे सव्वानऊ झाले ते भावोजींच्या दुसऱ्या चहामुळे आणि नारिंगी लाइफ जॅकेट घालून काढलेल्या फोटोंमुळे.

नवरी आणि तिचे आईवडील शहाणे, आदल्या दिवशीच गाडीनं गेले होते. होडीत आम्ही सातआठ जण, फळांच्या करंड्या, पेढे, शालू आणि अंगठी. अंगठी होडीत का, तर रस्त्यावर चोरीची भीती. धोपाव्याकडे जाणारी फेरीबोट मोटारी पोटात घेऊन आमच्या पुढून आडवी गेली. तिच्या लाटांनी आम्ही हिंदकळलो आणि माझी बायको त्या मोटारींकडे जशी बघत राहिली तशी माझ्याकडे लग्नानंतर कधी बघितल्याचं मला स्मरत नाही.

पुढे ओहोटी तोंडावर आली. इंजिनाची घरघर कानठळ्या बसवत होती, पण काठावरचा एक वाकडा माड बराच वेळ आमच्या शेजारीच होता. भावोजींना यात वावगं काही दिसेना. इंग्लंडच्या कालव्यांत ताशी चार मैलांची मर्यादा असते, आपण नियमात आहोत, एवढंच ते म्हणाले.

मग पाण्याचा रंग बदलला. हिरवट होतं ते चहाच्या गाळासारखं झालं. तळाखाली आधी नुसती कुरकुर, मग लांब खर्र, आणि होडी थांबली. मागे इंजिन चिखल उडवायला लागलं तसं तांडेलानं ते बंद केलं आणि तंबाखूची डबी काढली. तंबाखू मळून होईतो दोन्ही बाजूंना चिखल उघडा पडला होता. त्यावर निवट्या, चिखलातले ते मासे, पुढच्या पंखांवर सरपटत आल्या, डोळे वटारून आमच्याकडे बघून घेतलं आणि बिळांत गेल्या. कांदळवनातून बगळा उठला. शालू बघायला तेवढेच पाहुणे.

"पूर्वी चिपळूणच्या गोवळकोटपर्यंत गलबतं जायची," भावोजी म्हणाले.

"ती बी अशीच बसत असतील," तांडेल म्हणाला.

भावोजींचे काका वीज मंडळातून निवृत्त झालेले. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीला उतरतं, वीज करून झाली की वाशिष्ठीत सोडतात, हे सगळ्यांनाच माहीत आहे. पण त्यावरून पुढचं सुचायला हाडाचा वीजवालाच हवा. त्यांनी खिशातून डायरी काढली आणि जुन्या सहकाऱ्याचा नंबर शोधायला लागले. चार टर्बाइन जादा फिरवा, साखरपुडा अडलाय, असा निरोप द्यायचा होता. रेंज नव्हती म्हणून महाराष्ट्राची वीज वाचली.

शेवटी तांडेल आणि त्याचा पोरगा उतरून ढकलायला लागले. "आणखी एक गडी हवा," तो म्हणाला. सगळ्यांनी भावोजींकडे पाहिलं. भावोजी म्हणाले, "मी सुकाणू धरतो." ताईनं पदर खोचला नाही, काही नाही. फळांच्या करंडीला टेकून बसली आणि म्हणाली, "माझे २९ झालेत. हा तुमचा पहिला."

भावोजींनी पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि एक पाय खाली सोडला. तो मांडीपर्यंत गेला. त्याच वेळी पोरगा सहज बोलून गेला की मगरी असतात खाडीत, पण वर, चिपळूणच्या बाजूला जास्त. भावोजी कसे वर आले ते आम्हाला कळलं नाही. चप्पल मात्र खालीच राहिली.

पाणी चढून होडी सुटली तेव्हा तीन वाजून गेले होते. मधल्या वेळात रेंज डोकावून गेली आणि चिपळूणहून निरोप आला: विहीणबाईंनी आपल्या बोटातली अंगठी काढून दिली, मुहूर्त साधला, जेवणाची दुसरी पंगत बसली आहे. आम्ही पेढ्यांचं खोकं फोडलं. फळांचंही फार उरलं नाही.

गोवळकोटच्या धक्क्याला लागलो तर तांडेलानं खोळंब्याचे वेगळे पैसे मागितले. भावोजी एका पायात चप्पल घालून उभे होते, तरी त्यांचा आवाज चढला. "खोळंब्याचे? इंग्लंडात लॉकला तासन् तास थांबतात, कोणी दमडी मागत नाही!"

"सायेब," तांडेल दोर बांधता बांधता म्हणाला, "तिकडं घरची मानसं ढकलतात, म्हनून फुकट."

पैसे ताईनं दिले. वर शंभर जास्त दिले.