निव्वळ वजन

अमेरिकेत पिकप ट्रक विकणारा माणूस एकच आकडा मोठ्याने सांगतो: गाडी किती ओढते. आमच्या 'हाफ टन' पिकपबद्दल त्याने छातीठोकपणे ११,००० पौंड सांगितले होते. (हाफ टन हे नुसतं नाव. अर्ध्या टनाशी त्याचा संबंध केव्हाच सुटला.) आमच्या मनात भरलेला कॅम्पर-ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, सामानसुमानासकट ७,००० चा. अकरातून सात गेले, चार उरले. चला कोलोरॅडोच्या डोंगरात मुक्कामाला!

दुसरा आकडा कोणी मोठ्याने सांगत नाही. ड्रायव्हरचं दार उघडलं की आतल्या खांबावर एक पिवळं-पांढरं लेबल दिसतं. माणसं आणि सामान मिळून ६७१ किलो किंवा १,४८० पौंडांच्या वर जायचं नाही, असं त्यावर बजावलेलं असतं. हा पेलोड. ट्रेलर चालतो स्वतःच्या चाकांवर, पण नाक टेकवतो पिकपच्या पाठीवर. भरलेल्या ट्रेलरच्या दहा ते पंधरा टक्के भार असा पुढे येतो. ७,००० चे तेरा टक्के ९१०, आणि ट्रेलर गाडीला जोडणाऱ्या, भार विभागणाऱ्या हिचचे साधारण ९०. उरले ४८० पौंड, म्हणजे २१८ किलो. एवढ्यात बसायचं होतं मी, बायको, चौदा वर्षांचा मुलगा आणि साताऱ्याहून आलेल्या आई-बाबांनी.

ट्रेलरच्या माहितीपत्रकात वजन ५,४०० लिहिलं होतं, पण ते 'ड्राय'. टाकीत पाणी नाही, कपाटात ताटवाटी नाही, आईचा कुकर नाही, असा निर्जळी उपवासाचा ट्रेलर. नुसती चाळीस गॅलनची टाकी भरली की ३३० पौंड वाढतात. म्हणून भरल्या ट्रेलरचाच आकडा धरायचा.

रात्री जेवणं झाल्यावर बायकोने एक्सेल उघडलं आणि सगळ्यांना वजनं विचारली.

"माझं काय, असेल पन्नास-पंचावन्न," आई म्हणाली. बायकोने न बोलता पासष्ट टाकले. बाबा बहात्तर, ती स्वतः बासष्ट, चिरंजीव अठ्ठावन्न. माझी पाळी आली तेव्हा मी ड्रायव्हिंग लायसन्स पुढे केलं. इथल्या लायसन्सवर वजन छापलेलं असतं, सरकारी शिक्क्यानिशी.

"ते आपण सांगू तेच छापतात," असं म्हणून तिने शहाऐंशी टाकले.

एकूण ३४३. म्हणजे चपलांची एक पिशवीही न घेता सव्वाशे किलो जास्त.

मग उपाय सुरू झाले. बाबा म्हणाले, "आम्ही दोघं मागे ट्रेलरमध्ये बसतो की. पलंग आहे, खिडकी आहे." चालत्या ट्रेलरमध्ये माणसं बसवायला इथे अनेक राज्यांत बंदी आहे. आई म्हणाली, "मग जड सामान पार मागच्या टोकाला टाका, म्हणजे नाक हलकं होईल." तर्क अगदी बिनतोड, पण नाक फार हलकं झालं की ट्रेलर हायवेवर शेपूट हलवायला लागतो आणि पिकपलाही सोबत नाचवतो. चिरंजीवांनी मागच्या स्प्रिंगांना आधाराला एअरबॅग, म्हणजे हवेच्या पिशव्या, बसवायचं सुचवलं. त्याने गाडीचं बूड उचललं जातं, लेबलवरचा आकडा तेवढाच राहतो.

बाबांची हयात साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेलेली. ते म्हणाले, "कागदावर कसले हिशेब करताय? काटा करून या." इथे महामार्गालगत ट्रक स्टॉपवर 'कॅट स्केल' नावाचे वजनकाटे असतात. शनिवारी पिकपची इंधनाची टाकी फुल करून, सगळ्यांना बसवून काट्यावर चढलो. पुढची चाकं एका पट्टीवर, मागची दुसऱ्या. बाबांनी काच खाली करून मान बाहेर काढली आणि चाकं पट्टीवर पुरती आली की नाहीत ते पाहून घेतलं.

"मारत नाहीत ना हे काटा?"

काटा चुकला आणि ट्रकवाल्याला दंड झाला, तर दंड काटेवाली कंपनी भरते, असं मी सांगितलं. बाबा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आपल्याकडे कारखानेच बंद पडले असते."

पावती आली ६,५८० पौंडांची. माणसं-सामानासकट आमच्या गाडीच्या एकूण वजनाची मर्यादा ७,१००. पिकपच्या हौद्यावर मी हौसेने बसवलेलं झाकणही पेलोडमधूनच गेलेलं, कारण लेबल छापलं तेव्हा ते नव्हतं. उरले ५२०. हिच वजा करून उलटा हिशेब मांडला, तर आम्हाला झेपणारा ट्रेलर सामानासकट ३,३०० पौंडांचा. त्या वजनात जे पाहिलं त्यात दोन माणसं धड झोपतात. तिसऱ्याने पाय दाराबाहेर ठेवायचे.

"तिघं तंबूत," बायकोने जाहीर केलं.

बाबांचं मात्र पावतीवरच लक्ष. "घरच्या हिशेबापेक्षा वजन भरतंय. झाकणाचं एवढं होतं?" मग माझ्याकडे निरखून पाहत म्हणाले, "तू उतर रे. तुझ्याशिवाय एकदा काटा करू. भरगाडी वजा मोकळी गाडी, निव्वळ माल कळेल."

मी सांगून पाहिलं की हा काटा वीस-वीस पौंडांच्या टप्प्यानेच वजन दाखवतो, त्यात माणसाचं नक्की वजन कळत नाही. तोवर बायकोने माझ्या बाजूचं दार उघडलं होतं.