‘रेडी’ म्हणजे फक्त ‘तयार’?

फिरून फिरून तो मेसेज पुन्हा माझ्यापर्यंत आलाच. त्यात तीन दावे आहेत. इंग्रजी ‘रेडी’ला ‘तयार’ हा एकच अर्थ. आपल्याकडे मात्र सज्ज, सिद्ध, तत्पर, तयार असे चार-चार अस्सल देशी शब्द. आणि ‘एथेलरेड द अनरेडी’ हा इंग्लंडचा राजा म्हणजे तयारीविना लढाईला उभा राहिलेला बावळट.

पहिला दावा सगळ्यात कच्चा. ‘रेडी मनी’ म्हणजे हातातली रोकड. ‘रेडी विट’ म्हणजे हजरजबाबीपणा, आणि त्याची तर गंमतच ही की तयारी केलेली नसते. ‘टू रेडी टु क्रिटिसाइझ’ म्हणजे नावं ठेवायला टपलेला. मीठ पाण्यात ‘रेडिली’ विरघळतं म्हणतात, म्हणून ते काही कंबर कसून बसलेलं नसतं. सहज विरघळतं, एवढंच. परवा एका मालिकेत दिवसभर राबून घरी आलेली बाई सोफ्यावर अंग टाकत म्हणाली, ‘आय ॲम रेडी टु ड्रॉप.’ खाली मराठी ओळ आली: ‘मी पडायला तयार आहे.’ अहो, ती दमून कोसळायच्या बेतात आहे! एकच अर्थ धरून बसलं की असं होतं. ‘रेडी टु हेल्प’ला मात्र ‘मदतीला तयार’ चपखल बसतं, कारण आपल्या ‘तयार’मध्येही राजीखुशी आहेच. शिवाय ‘पोरगं भारी तयार आहे’ म्हणतो तेव्हा ते बेरकी असतं. म्हणजे एकाच अर्थावर ‘तयार’सुद्धा थांबलेला नाही.

राजाचं प्रकरण वेगळंच. १०१६ साली वारलेल्या एथेलरेडच्या नावाचा जुन्या इंग्रजीतला अर्थ ‘थोर सल्ला’. त्यावर कोटी करून त्याला ‘अनरॅड’ म्हटलं गेलं, म्हणजे ज्याला धड सल्ला नाही असा. पुढे तो जुना शब्द लोक विसरले आणि ‘अनरॅड’चं ‘अनरेडी’ झालं. ‘रेडी’शी त्याचं नातं नाही. डेन लोकांच्या स्वाऱ्यांपुढे त्याची दैना झाली हे खरं, पण टोपणनावातला टोमणा सल्ल्यावरून आहे.

राहिला अस्सल देशीचा अभिमान. सज्ज, सिद्ध, तत्पर संस्कृतातून आले, ठीक. पण मेसेजवाल्यांचा लाडका ‘तयार’? तो फारसीच्या वाटेने आलेला अरबी शब्द आहे.