सहा कुत्री, सहा भांडी

पिल्लं बघायला येणारी माणसं एक वाक्य हमखास बोलतात. "किती मजा ना तुमची, दिवसभर यांच्याशी खेळायचं!" मी हसते आणि हातातलं पुसायचं फडकं पाठीमागे धरते.

आमच्याकडे सहा लॅब्रॅडॉर आहेत. माई, जाई, तारा, शेवंती आणि चिमी या पाच माद्या, आणि भोला हा एकटा नर. खेळणं होतं, नाही असं नाही. पण दिवस खरा जातो तो पुसण्यात आणि बघण्यात. पुसण्याबद्दल काय सांगणार? बघण्याबद्दल मात्र लिहायचंच होतं, कारण "आमच्याकडे तीन आहेत, जागा भरपूर आहे, आणखी एक-दोन माद्या घेऊ का?" असे मेसेज सारखे येतात आणि तेच तेच टाइप करून बोटं दुखायला लागली.

सकाळी सगळ्यांना एकदम बाहेर सोडलं तर पाच-सात मिनिटांत काम उरकतं. मी एकेकाला सोडते, चाळीस मिनिटं जातात. नवऱ्याने यावरून सुरुवातीला माझी यथेच्छ टिंगल केली. पण एकदम सोडलं की मागे सहा ढीग उरतात, आणि त्यातला पातळ कुणाचा हे कोण सांगणार? कुणी लघवीला तीनदा बसलं, कुणाच्या शीमध्ये रक्ताचा धागा होता, उठताना कुणाचा मागचा पाय आखडला, हे घोळक्यात दिसत नाही. एकटं कुत्रं आजारी पडलं की घराला कळतं. सहा असली की आजार बाकीच्या पाचांच्या आड दडून बसतो.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. चार वर्षांपूर्वी आमच्याकडे पाण्याची एकच मोठी बादली असायची, सगळ्यांना मिळून. तेव्हा काजळ नावाची आणखी एक मादी आमच्याकडे होती, सहा वर्षांची. तिचा माज संपून महिना उलटला होता, त्या वेळी मेटिंगही केलं नव्हतं. बादली लवकर रिकामी होतेय हे माझ्या लक्षात आलं होतं. उकाडा आहे, म्हणून मी जास्त वेळा भरत राहिले. काजळ खाणं अर्धं टाकत होती, पण उरलेलं भोला फस्त करायचा. भांडी चाटूनपुसून लख्ख, म्हणजे सगळे जेवले, असा आमचा हिशेब. पाचव्या दिवशी सकाळी हाक मारली तर तिने नुसती शेपटी हलवली, उठली नाही.

पायोमेट्रा. गर्भाशयात पू झाला होता. माज येऊन गेला की मादी गाभण असो वा नसो, प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक साधारण दोन महिने चढं राहतं आणि गर्भाशयाचं अस्तर जाड होत जातं. त्यात जंतू शिरले की त्यांना आयतं घर मिळतं. वय वाढतं, माजामागून माज येऊन जातात, तसा धोकाही वाढत जातो. गर्भाशयाचं तोंड उघडं असेल तर निदान बाहेर स्राव दिसतो. काजळचं बंद होतं, एक थेंब बाहेर आला नाही. डॉक्टरांनी सोनोग्राफी करता करता विचारलं, "पाणी कधीपासून जास्त पितेय?" मला उत्तर देता आलं नाही. ज्या घरात कुत्र्यांच्या वजनापासून जंताच्या औषधापर्यंत सगळं वहीत लिहिलं जातं, त्या घरातल्या बाईला हे सांगता आलं नाही.

त्याच रात्री गर्भाशय काढलं. काजळ वाचली. भादरलेल्या पोटावर टाक्यांची ओळ आणि गळ्यात ते प्लॅस्टिकचं नरसाळं, ते दाराच्या चौकटीला आपटत आपटत ती घरभर फिरायची. तो ठक् ठक् आवाज दहा-बारा दिवस माझ्या डोक्यात बसला होता.

तेव्हापासून सहा भांडी, सहा जागा. रात्री भरताना उरलेलं पाणी मापाने मोजते. माज संपला की वहीत पुढचे दोन महिने लाल रेघ. वेड लागल्यासारखं वाटतं, मान्य आहे.

दारांचं वेगळंच प्रकरण. कुणी माजावर असलं की तीन आठवडे आमच्या घरात कडीला हात लावण्याआधी मोठ्याने विचारायचं, "भोला कुठे?" उत्तर आल्याशिवाय कडी काढायची नाही. जाळीच्या दारातूनही मेटिंग होतं म्हटलं की लोक हसतात. हसू नका, होतं. आणि भांडणं फक्त नरांची होतात हा समज कुणी पसरवला कोण जाणे. जाई आणि तारा एरवी एकमेकींच्या अंगावर डोकं टाकून झोपतात. दोघींपैकी एक व्यायला आली की एका खोलीत ठेवायची सोय नाही.

आता पिल्लं. इथेही बघणंच. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पिल्लं झाली की आमचा राहत नाही. पहिले दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ वजन, प्रत्येकाच्या गळ्यात वेगळ्या रंगाची फीत. मागच्या वेळी जाईच्या आठ पिल्लांत जांभळ्या फितीचा एक होता. जन्मतः ४१०, दुसऱ्या दिवशी ४०५, तिसऱ्या दिवशी ४०५. बाकीचे सगळे चढते. तो रडत नव्हता, ओढत होता, दिसायला छान गुटगुटीत. नुसत्या डोळ्यांना काही कळलं नसतं. नीट बसून पाहिलं तेव्हा दिसलं, की जास्त दुधाच्या मागच्या आचळांवरून त्याला दांडगी भावंडं दर वेळी ढकलत होती आणि तो पुढच्या आचळाला लटकून झोपी जात होता. मग दर दोन तासांनी त्याला आधी लावायचं, बाकीच्यांना हाताने थोपवून धरायचं. सहाव्या दिवशी ५२०. तरी मागेच, कारण जन्माच्या वजनाची दुप्पट आठ-दहा दिवसांत व्हायला हवी. पण काटा हलला होता.

जाता जाता एक, कारण यात पिल्लं जातात. गार पडलेल्या पिल्लाला आधी ऊब द्या, दूध नंतर. पहिले काही आठवडे त्यांना स्वतःचं अंग गरम राखता येत नाही, आणि अंग गार असताना पोटातलं दूध पचत नाही.

आठ पिल्लं घरात असली की उरलेल्या पाच जणांकडे माझं किती लक्ष असतं, खरं सांगू? निम्मंही नाही. म्हणून एका वेळी एकाच मादीची पिल्लं. दोघी एकदम माजावर आल्या तर एक थांबते. यावर काही ब्रीडर मला खुळ्यात काढतात. काढोत. "जागा आहे" हे उत्तर मला कधीच पटलं नाही. खोल्या बांधता येतात, माणूस कामाला ठेवता येतो, नजर वाढवता येत नाही. रात्री आडवं पडल्यावर मी डोळे मिटून एकेकाची उजळणी करते, कोण किती जेवलं, शी कशी झाली, कोण कुठे झोपलंय. सहापर्यंत चित्र येतं. एकदा नात्यातल्यांचं सातवं कुत्रं महिनाभर सांभाळलं, तर त्याचा दिवस मला एकदाही नीट आठवला नाही. सहा हा आमचा आकडा तिथून आला.

आणि त्या सहांत माई आहे. अकरा वर्षांची. तिची शेवटची पिल्लं होऊन पाच वर्षं झाली. "तिला कुणाला तरी देऊन टाका, एक जागा मोकळी होईल" असं सांगणारे आहेत. निवृत्त मादीला चांगलं घर बघून देणं मला चूक वाटत नाही. काजळला आम्ही तसंच दिलं. तिथे ती एकटीच आहे, त्यांच्या पलंगावर झोपते आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर आमच्यापेक्षा तिथेच सुखी आहे. पण काजळ सहा वर्षांची होती, नव्या माणसांत रुळली. माईला आता जिन्याची पहिली पायरीसुद्धा विचारपूर्वक चढावी लागते, तिला कुठे पाठवू? तिच्याकडे बघायला पिल्लांइतकाच वेळ लागतो. म्हणजे ती मोजणीत पूर्ण एक.

परवापासून माईचं भांडं रात्रीच्या आधीच रिकामं होतंय. गर्भाशय कधीच काढलेलं आहे, त्यामुळे ती भीती नाही. मूत्रपिंडं असतील, साखर असेल. डॉक्टरांनी सकाळची पहिली लघवी मागवली आहे. त्यामुळे सध्या मी पहाटे जुना डाव घेऊन तिच्या मागे वाकून फिरते आहे. आज ती तीन वेळा बसली, डाव पुढे केला की तीन वेळा उठली आणि वळून माझ्याकडे अशी पाहत राहिली, जणू मलाच काहीतरी झालंय. उद्या नवऱ्याला पाठवणार आहे.