पाचपट किंमत कशाची? तुमच्या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार,

चार महिने आम्ही बनवलेला बास (बास गिटार) वाजवून तुम्ही एवढं नेमकं लिहिलंत, म्हणून उत्तरही नेमकंच द्यायला हवं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: आमचा पाच तारांचा बास आणि त्याच्या पाचव्या हिश्श्याच्या किमतीचा तुमचा कारखान्यातला बास रेकॉर्डिंगमध्ये कुणालाच वेगळे ओळखता आले नाहीत, आमच्या बासच्या जी (G) तारेवर सहाव्या फ्रेटचा (वाद्याच्या मानेवर, म्हणजे नेकवर, आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्टीचा) सूर लगेच मरतो, दुसऱ्या महिन्यापासून फ्रेटची टोकं बोटांना लागतात, आणि वरचा नक्षीदार लाकडाचा थर निव्वळ शोभेचा आहे. मग पाचपट किंमत कशाची?

आधी फ्रेटच्या टोकांचं. ही चूक आमची. फ्रेटची पट्टी धातूची, ती आकसत नाही. फ्रेटबोर्डचं, म्हणजे फ्रेट ज्यात बसतात त्या फळीचं, लाकूड मात्र कोरड्या हवेत रुंदीला आकसतं. लाकडातला ओलावा तीन टक्क्यांनी उतरला तर ७० मिलिमीटर रुंदीचा बोर्ड साधारण ०.३ ते ०.४ मिलिमीटर अरुंद होतो, म्हणजे प्रत्येक बाजूला टोक ०.१५ ते ०.२ मिलिमीटर बाहेर येतं. बोटाला तेवढंही टोचतं. फ्रेट ठोकण्याआधी बोर्ड सहा ते आठ टक्के ओलाव्यावर स्थिर झालेला असला, तर नंतर एवढा फरक पडायला खोली फारच कोरडी असावी लागते. दोनच महिन्यांत टोकं बाहेर आली याचा अर्थ बोर्ड पुरेसा मुरलेला नव्हता, असंच आम्ही धरतो. टोकं कानशीनं घासून, कडा गोल करून, पॉलिशला हात न लावता हे नीट होतं. खर्च आमचा. यापुढे वाद्य ४५ ते ५५ टक्के आर्द्रतेत ठेवा, केसमध्ये एक छोटा आर्द्रतामापक असू द्या.

सहाव्या फ्रेटचा प्रश्न जास्त अवघड आहे. जी तारेवर तिथे सी शार्प येतो, सुमारे १३९ हर्ट्झ. नेकलाही स्वतःची कंपनं असतात, आणि लांब नेकच्या बासवर त्यातलं एक कंपन बहुतेक वेळा याच भागात, पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या सुरांजवळ पडतं. तारेचा सूर आणि नेकचं कंपन जुळलं की तारेतली ऊर्जा नेक हलवण्यात खर्च होते. सूर सुरू होतो नीट, पण एका सेकंदात बसतो. बोल्ट-ऑन (नेक स्क्रूनं जोडलेला) असो की नेक-थ्रू (नेकचं लाकूड धडातून आरपार गेलेला), स्वस्त असो की महाग, लाकडी नेकचा बास यातून पूर्ण सुटत नाही. कुणी कारागीर "आमच्याकडे डेड स्पॉट (सूर मरण्याची जागा) नसतोच" म्हणाला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

तरी तुमची तक्रार आम्ही उडवून लावत नाही, कारण डेड स्पॉट किती खोल आणि नेमका कुठे पडतो, यावर बनवणाऱ्याचा काही प्रमाणात ताबा असतो. ट्रस रॉडच्या (नेकच्या आतल्या, त्याचा बाक ठरवणाऱ्या धातूच्या सळईच्या) दोन्ही बाजूंना कार्बन फायबरच्या पट्ट्या बसवल्या की नेक ताठ होतो आणि त्याचं कंपन वर सरकतं. ते दोन सुरांच्या मधे पडलं तर कानाला जाणवतही नाही. तुमच्या बासमध्ये या पट्ट्या आहेत, पण ते कंपन नेमकं सी शार्पवर येऊन बसलेलं दिसतं. घरी दोन चाचण्या करून पाहा. पहिली: जी तार अर्धा सूर उतरवा. मेलेली जागा सातव्या फ्रेटवर गेली तर दोष नेकच्या कंपनाचा. सहाव्यावरच राहिली तर तो फ्रेट सैल बसलाय किंवा पुढचा उंच आहे. दुसरी: हेडस्टॉकला (नेकच्या टोकाला) १०० ते २०० ग्रॅमचा क्लॅम्प लावा. वजनानं कंपन खाली येतं आणि मेलेली जागा पाचव्या फ्रेटकडे किंवा दोन फ्रेटच्या मधे सरकते. क्लॅम्पनं फायदा झाला तर ट्यूनर (तारा ताणायच्या खुंट्या) वजनदार बसवून तो फरक कायमचा करता येतो. मात्र हेडस्टॉक जड झाला की बास गळ्यात खाली झुकू लागतो, म्हणून आधी तुमच्या खांद्याच्या पट्ट्यावर लटकवून पाहू आणि मगच बदलू.

आता आवाज. इथे तुम्ही बरोबर आहात, हे आमच्या धंद्यातल्यांनी उघडपणे मान्य करायला हवं. मिक्समध्ये बासचा आवाज ठरतो तो आधी वाजवणाऱ्याच्या बोटांनी, मग तारांचं वय आणि प्रकार, पिकअपचा (तारेचं कंपन टिपणाऱ्या चुंबकीय भागाचा) प्रकार आणि जागा, प्रीअँप आणि अँपनं. यातलं काहीही पाचपट किमतीत पाचपट चांगलं होत नाही. स्वतःची खात्री करायची असेल तर दोन्ही बासवर एकाच दिवशी एकाच जाडीच्या तारा चढवा, दोन्हीचं रेकॉर्डिंग थेट इंटरफेसमध्ये (वाद्य संगणकाला जोडणाऱ्या पेटीत) करा आणि पातळी मीटरवर जुळवा. ॲक्टिव्ह (बॅटरीवरच्या सर्किटचा) बास थोडा मोठा वाजतो आणि मोठा आवाज कानाला चांगला वाटतो, त्यामुळे पातळी न जुळवलेली तुलना फसवते. नेहमी दिसणारा एक फरक सांगतो: ३४ ऐवजी ३५ इंचांच्या स्केलवर (तारेच्या वाजत्या लांबीवर) त्याच तारेचा ताण सुमारे सहा टक्के वाढतो आणि जाड बी तार (३१ हर्ट्झच्या आसपास) जास्त स्पष्ट बोलते. पण ३५ इंची बास कारखानेही बनवतात.

पिकअप तारांच्या फार जवळ आणला असेल तर तोही तपासा. शेवटचा फ्रेट दाबून तार आणि पिकअप यांत तीन मिलिमीटर अंतर ठेवा. चुंबक तारेला ओढू लागलं की जाड तारांवर सूर डळमळतो आणि त्याचं खापर लाकडावर फुटतं.

वरच्या थराबद्दल वाद नाही. तो पाच-सहा मिलिमीटरचा थर डोळ्यांसाठी आहे. त्याचे पैसे आम्ही वेगळे धरतो, पण त्यानं आवाज बदलत नाही हे तुम्हाला ऑर्डरच्या वेळीच सांगायला हवं होतं. आता ते ऑर्डरच्या कागदावरच लिहिलेलं असेल.

मग किंमत कुठे जाते? एका बासला आमचे सुमारे १०० तास लागतात आणि त्यातले निम्म्याहून जास्त नेक आणि फ्रेटवर जातात. नेकच्या फळ्या ढोबळ कापून काही आठवडे पडू द्यायच्या. आतला ताण मोकळा होऊन त्या किंचित वाकतात. मग रंधून सरळ करायच्या आणि पुन्हा ठेवायच्या. दुसऱ्यांदाही वाकलेली फळी बाजूला काढतो, आणि तिचं नुकसान उरलेल्या वाद्यांच्या किमतीत मिसळतं. फ्रेट बसवल्यावर सगळे एका सपाटीत घासायचे, कारण पाच शतांश मिलिमीटर उंच राहिलेला एक फ्रेटही कमी ॲक्शनवर (तारा फ्रेटच्या जवळ असताना) खरखरतो. नंतर प्रत्येकाचा माथा गोल करायचा. याच कामामुळे बाराव्या फ्रेटवर ई तार २ आणि जी तार १.५ मिलिमीटरवर आणूनही बास स्वच्छ वाजतो. ढोबळ कापणी यंत्रानं झाली तरी चालतं, तिथे "हातानं" या शब्दाला फार किंमत देऊ नये. निष्काळजी हातापेक्षा प्लेक या फ्रेट घासणाऱ्या संगणकीय यंत्रानं समतल केलेले फ्रेट केव्हाही बरे.

अमेरिकी वाद्यनिर्माते लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये प्रिसिजन बास बाजारात आणला तो कारखान्यातच बनणारं वाद्य म्हणून, आणि तो आजही उत्तम बास आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या अलेम्बिकसारख्या छोट्या कार्यशाळा पुढे आल्या तेव्हा ॲक्टिव्ह सर्किट आणि अनेक थरांचा नेक ही त्यांची ओळख होती. आता दोन्ही कारखान्यांतही मिळतात. म्हणून विचारणाऱ्याला आम्ही स्पष्ट सांगतो: चांगल्या कारखान्याचा बास घ्या, फ्रेट समतल करून घ्या, नट (हेडस्टॉकजवळची, तारांच्या खाचांची पट्टी) नीट कापून घ्या, तारा बदला. बहुतेकांचं काम तिथेच भागतं. आमच्याकडे यावं ते नेकची जाडी, तारांमधलं अंतर, वजन आणि तोल आपल्या हाता-खांद्याला बेतून हवा असेल तर, किंवा वीस वर्षांनी उघडून दुरुस्त करता येणारं वाद्य हवं असेल तर. तुमची गरज रेकॉर्डिंगची होती. ऑर्डर घेण्याआधी ती विचारली असती तर हा सल्ला तुम्हाला तेव्हाच मिळाला असता.

पाठवण्याआधी दोन मापं कळवा. पहिला आणि शेवटचा फ्रेट एकाच वेळी दाबून आठव्या फ्रेटवर तारेखालची फट फीलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) मोजा, ती ०.३ मिलिमीटरच्या आसपास असावी. आणि बाराव्या फ्रेटवर पाचही तारांची उंची घ्या. पाठवताना तारा दोन सूर उतरवा, पूर्ण सैल सोडू नका, कारण मग ट्रस रॉडचा ताण एकटाच राहून नेक मागे वाकतो. नेण्या-आणण्याचा खर्च आमचा. टोकं घासून, फ्रेट पुन्हा तपासून आणि ट्यूनर बदलूनही सी शार्प तुमच्या कानाला पटला नाही, तर बास आम्ही पूर्ण किमतीला परत घेऊ.