‘फुटपाथ करा’ एवढ्यावर थांबू नका, नकाशा मागा

पावसाळा संपला की रस्त्यांच्या कामांच्या निविदा निघायला लागतात. पुण्यात ज्यांना आपल्या भागातला रस्ता चालायला आणि सायकल चालवायला सुरक्षित व्हावा असं वाटतं, त्यांनी हे सवडीने वाचावं आणि सोसायटीच्या ग्रुपवरही टाकावं. रस्त्यावर चुन्याच्या रेषा पडल्यावर केलेली तक्रार बहुतेक वेळा वाया जाते. तोवर एस्टिमेट, म्हणजे कामाची मापं आणि खर्च यांचा अंदाज, मंजूर झालेलं असतं. किती चौरस मीटर ब्लॉक, किती रनिंग मीटर कर्ब (पदपथाच्या कडेचा दगड) हे ठरलेलं असतं आणि ठेकेदाराला त्याच मापाचे पैसे मिळणार असतात. कनिष्ठ अभियंत्याला तुमचं म्हणणं मनापासून पटलं तरी त्याच्या हातात फारसं काही उरलेलं नसतं.

कागदावर आपल्याला पुष्कळ मिळालेलं आहे. महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण मंजूर केलं, २०१७ मध्ये सायकल आराखडा. इंडियन रोड्स काँग्रेसचं आयआरसी १०३ हे पादचारी सुविधांचं मानक आहेच. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चालण्याजोगा पदपथ हा घटनेच्या कलम २१ खालच्या हक्काचा भाग असल्याचं सांगितलं. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८अ आलं. रस्त्याच्या रचनेत, बांधणीत किंवा देखभालीत ठरलेली मानकं पाळली नाहीत आणि त्यामुळे कुणाचा जीव गेला किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणेला, ठेकेदाराला, सल्लागाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तेव्हा अर्जात विनवणी कमी आणि मापं जास्त असू द्या.

पाच मीटरचा टेप, खडू आणि मोबाइल एवढं पुरतं. पदपथ मोजताना कर्बपासून कंपाउंडच्या भिंतीपर्यंत टेप धरू नका, तो आकडा फसवा असतो. मोजायची ती मोकळी रुंदी: विजेचा खांब, डीपी बॉक्स (वीजवितरणाची पेटी), झाडाचा कट्टा, दुकानाची पायरी, जाहिरातीचा फलक या सगळ्यांतून माणसाला सरळ चालायला जेवढी जागा उरते तेवढी. आणि नोंदवायची ती सर्वांत अरुंद ठिकाणची. निवासी भागात ही मोकळी रुंदी किमान १.८ मीटर हवी, म्हणजे दोन व्हीलचेअर समोरासमोर आल्या तरी निघतात. दुकानांच्या भागात २.५ मीटर. डोक्यावर २.२ मीटरपर्यंत फांदी किंवा फलक नको. प्रत्येक अडथळ्यापुढे तो कोणाचा आहे तेही लिहा, कारण डीपी महावितरणचा, पथदिव्याचा खांब पालिकेच्या विद्युत विभागाचा आणि झाड उद्यान विभागाच्या अखत्यारीतलं. पथ विभागाला दिलेल्या एका अर्जात हे सगळं घातलं की तो अर्ज टेबलाटेबलावर फिरत बसतो.

मग उंची. मानकानुसार कर्ब १५० मिलिमीटरपेक्षा उंच नको. आपल्याकडे तो अडीचशे-तीनशेपर्यंत जातो, त्याचं कारण डांबरीकरणात आहे. जुना थर खरवडून न काढता त्यावर नवा थर टाकला की रस्ता उंचावतो, मग पदपथाच्या दुरुस्तीत तोही उचलतात. असं दोन-तीनदा झालं की सोसायटीच्या फाटकात गाडी जाईना म्हणून फाटकापाशी पदपथ तोडतात. दर पंधरा पावलांवर उतरायचं आणि चढायचं, म्हणून गुडघे दुखणारा माणूस शेवटी डांबरावरून चालतो, आणि लोक म्हणतात, ‘पदपथ आहे, पण वापरतच नाहीत.’ योग्य रचनेत पदपथ फाटकासमोरही त्याच पातळीत सलग जातो आणि गाडी छोट्या उतारावरून चढून तो ओलांडते. अर्जात दोन वाक्यं लिहून द्या: ‘डांबरीकरणापूर्वी जुना थर मिलिंगने काढावा’ आणि ‘प्रवेशद्वारांसमोर पदपथाची पातळी खंडित करू नये’. गाड्या जिथून जाणार तिथे ६० ऐवजी ८० मिलिमीटर जाडीचे ब्लॉक मागा, नाहीतर वर्षभरात तिथे खड्डा पडतो. ब्लॉक खचण्याचं दुसरं कारण म्हणजे केबलसाठी खणलेला चर धुम्मस न करता, म्हणजे माती ठोकून घट्ट न बसवता, बुजवणं. वर सफाईदार ब्लॉक बसतात, पहिल्या पावसात खालची माती बसते.

बोलार्डचं, म्हणजे गाड्या पदपथावर चढू नयेत म्हणून रोवलेल्या बुटक्या खांबांचं, गणित नाजूक आहे. दोन बोलार्डमध्ये दीड मीटर ठेवले तर रिक्षा आत शिरते, पाऊण मीटर ठेवले तर व्हीलचेअर अडते. एक ते १.२ मीटर ठीक. दुचाकी मात्र बोलार्डने थांबत नाही. ती पदपथावर का चढते ते बघावं लागतं. बहुतेकदा दुभाजकात वळायची जागा फार लांब असते किंवा एकेरी रस्त्याचा वळसा मोठा असतो. ते सोडवल्याशिवाय बोलार्ड वाढवत नेले तर त्रास फक्त चालणाऱ्यांनाच होतो.

माझ्या मते सगळ्यात जास्त जोर चौकावर द्यायला हवा, आणि नागरिकांच्या अर्जांत नेमका चौकच नसतो. साडेतीन मीटरच्या चार लेन म्हणजे १४ मीटर. सेकंदाला १.२ मीटर या वेगाने तो रस्ता ओलांडायला जवळपास १२ सेकंद लागतात. काठी घेतलेल्या आजींचा वेग ०.८ मीटर धरला तर साडेसतरा. स्टॉपवॉच लावून चालणाऱ्यांचा हिरवा दिवा मोजा आणि हे दोन आकडे त्याच्याशेजारी मांडून वाहतूक शाखेला द्या. एका दमात ओलांडणं शक्य नसेल तर मध्ये थांबायला दुभाजकात किमान दोन मीटर खोल जागा हवी. सायकल साधारण १.८ मीटर लांब असते, जागा त्याहून कमी असेल तर तिचं एक चाक वाहत्या रस्त्यात राहतं.

डावीकडे न थांबता वळायची मुभा असलेले चौक चालणाऱ्याला सगळ्यात वाईट, कारण तिथे वाहनांचा ओघ तुटतच नाही. कोपऱ्याची गोलाई जितकी मोठी, तितक्या वेगाने गाडी वळते. आतल्या गल्लीच्या तोंडाशी चार-पाच मीटर त्रिज्या पुरते. गाडीचा वेग ताशी ३० वरून ५० वर गेला की तिच्यातली धडकेची ऊर्जा जवळजवळ २.८ पट होते, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. कोपरा लहान करणं म्हणजे जीव वाचवणं आहे.

वेग कमी करायला लोक पटकन गतिरोधक मागतात, आणि मग एका रात्रीत डांबराचा उंचवटा नाहीतर प्लास्टिकच्या पट्ट्या येतात. मानक गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. गाडी त्यावरून हळूच वर जाऊन खाली येते. फूटभर रुंदीचा उंचवटा दुचाकीवर मागे बसलेल्याला आणि सायकलस्वाराला पाडतो. त्याऐवजी शाळा, दवाखाना, बसथांब्यापाशी उंचावलेलं क्रॉसिंग मागा. झेब्राचा पट्टाच पदपथाच्या पातळीला येतो, चालणारा सपाट चालतो आणि गाडीला चढावं लागतं. मात्र दोन्ही कडांना पाणी जायची सोय नकाशात दाखवायला सांगा, नाहीतर पावसात तिथेच तळं साचतं आणि लोक क्रॉसिंग सोडून चालतात.

सायकल ट्रॅक. पुण्यात ते बांधले गेले, पण बरेचसे चौकाआधीच संपतात, बसथांब्यात घुसतात, ब्लॉकचे असल्याने हात बधिर करतात. एका दिशेला किमान दोन मीटर रुंदी, सांधे नसलेला डांबराचा किंवा काँक्रीटचा पृष्ठभाग, उभ्या गाड्यांचं दार उघडण्याइतकी पाऊण मीटरची पट्टी, बसथांब्याच्या मागून वळवलेली वाट आणि बाजूच्या गल्लीचं तोंड ओलांडताना तुटू न देणं, एवढं तरी एस्टिमेटमध्ये हवं. चौकात ट्रॅक कसा पार होतो हे नकाशात दिसत नसेल, तर संमती देऊ नका.

पथारीवाल्यांना हटवा, ही मागणी कृपा करून यात मिसळू नका. त्यांना २०१४ च्या कायद्याचं संरक्षण आहे, आणि भाजीवाल्या मावशी रात्री आठला तिथे बसतात म्हणून तो रस्ता बाईमाणसाला सुरक्षित वाटतो. झाडं, खांब, बाकं, पथारी यांची पट्टी कर्बच्या बाजूला आणि चालायची सलग पट्टी तिच्या आत, अशी आखणी मागा.

हे सगळं कुठे द्यायचं? पालिकेच्या अंदाजपत्रकासाठी २००६ पासून नागरिकांकडून कामं मागवतात. अर्जांची मुदत साधारण ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास असते. त्यात एक कोपरा, एक क्रॉसिंग, एक थांबा अशी छोटी कामं बसतात. मोठ्या रस्त्यासाठी पथ विभागाच्या कार्यकारी अभियंत्यांना लेखी द्या, पोच घ्या, प्रत क्षेत्रीय कार्यालयाला आणि वाहतूक शाखेला. क्षेत्रीय कार्यालयातल्या मोहल्ला कमिटीच्या बैठकीत विषय इतिवृत्तात आला की नाही ते पाहा. राज्य सरकारच्या २०१८ च्या निर्णयानुसार स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ फाइल बघता येते. एकट्याने जाऊ नका, दोघं-तिघं जा: एक वाचेल, एक लिहून घेईल. बघायचं ते एस्टिमेट, रस्त्याचा आडवा छेद (रुंदीत कुठे काय येतं ते) दाखवणारा नकाशा आणि निविदेतला दोषदायित्व कालावधी, म्हणजे काम बिघडल्यास ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायची मुदत.

काम सुरू झाल्यावर माहिती अधिकाराच्या १० रुपयांच्या अर्जाने मोजमाप पुस्तिकेच्या, म्हणजे झालेल्या कामाची मापं नोंदवलेल्या वहीच्या, प्रती मागा, पानाला दोन रुपये पडतात. पुस्तिकेत २.५ मीटर लिहिलेलं असेल आणि तुमच्या टेपवर १.९ भरत असेल, तर टेपसकट फोटो, जागेची खूण आणि पान क्रमांक जोडून अंतिम बिल निघण्याआधी लेखी हरकत द्या.